द्विवचन

वोलोस बंदराच्या मागच्या गल्लीत
टायरच्या दुकानावर तिसरा मजला,
तिथे मी प्राचीन ग्रीक शिकवते.
तासावर. साडेसहा युरो, सगळं कापून.

खाली काचेवर पास झालेल्यांचे फोटो.
उन्हानं निळे पडलेत सगळे,
दोन वकील, एक दंतवैद्य, एक अग्निशमन दलातला.
माझाही आहे, खालची रांग, डावीकडून चौथा.
मुलं विचारतात, बाई, ही कोण?
मी म्हणते, फळ्याकडे बघा.

करारात दिवसाचे तीन तास लिहिलेत, भरतात सात.
नाताळचा बोनस बँकेत येतो, कायद्यानं, पैन् पै,
आणि सोमवारी मी तो पाकिटात घालून
थानोपुलोस साहेबांच्या टेबलावर परत ठेवते.
ते मोजत नाहीत. आपण घरचीच माणसं, म्हणतात,
आणि हातावर एक कुराबिएस ठेवतात.
त्याची पिठीसाखर काळ्या स्कर्टवर सांडते.
त्या दिवशी सगळ्या बाया स्कर्ट झटकत वर्गात जातात.

दरवर्षी सुरुवात 'लुओ'पासून.
लुओ, मी सोडवते. लुएइस, तू सोडवतोस.
एका क्रियापदाची शेकडो रूपं,
सप्टेंबर ते मे आम्ही तेच सोडवत बसतो:
गाठ सोडवते, बैल सोडवते, कैदी सोडवते,
मग त्याचं आत्मनेपद,
पैसे भरून आपलंच माणूस सोडवून आणते.
किती पैसे? मागच्या बाकावरून आर्गिरिस.
त्याचा बाप खाली टायर बदलतो,
फी अडीच महिने थकलीय.
म्हटलं, ते परीक्षेला नाही.

हे माझं सगळ्यात पाठ वाक्य.

आर्दिता मात्र तेही लिहून घेते.
तिची आई अल्बेनियाहून आलेली, हॉटेलच्या चादरी धुते,
घरात ग्रीक येतं ते बिलांपुरतं.
आणि ही पोर अडीच हजार वर्षांपूर्वीचं वाक्य
दोन टोकं धरून झटकते, एकदाच,
की सुरकुती राहत नाही.

फेब्रुवारीत तिनं व्याकरणातल्या राखाडी चौकटीवर बोट ठेवलं.
बाई, हे काय?
द्विवचन. सोड, परीक्षेला नाही.
पण काय ते?
दहा वाजून गेले होते. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू.

म्हटलं, पूर्वी एक आणि अनेक यांच्या मधे
आणखी एक वचन होतं. दोघांपुरतं.
डोळ्यांसाठी, हातांसाठी, जुंपलेल्या बैलांसाठी.
दोन मैत्रिणी रस्त्यानं चालल्या
तर क्रियापदालाही कळायचं, दोघीच आहेत.
मग?
मग गेलं. लोकांचं अनेकात भागायला लागलं.

आमच्याकडे चादरीची घडी घालायला दोघी लागतात, ती म्हणाली.
त्यालाच, म्हटलं. अगदी त्यालाच.

मी लिहिलं, लुएतोन: तुम्ही दोघी सोडवता.
खाली पुन्हा लुएतोन: त्या दोघी सोडवतात.
आणि आपण दोघी? तिनं विचारलं.
तक्त्यात ती जागा कोरी असते.
मी खडू टेकवला आणि उचलला.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, काल दिवे
अकरा मिनिटं जास्त जळले.
मुलीची शंका होती.
कुठल्या धड्यातली?

मेअखेर माझं नाव पटावरून कमी होतं,
सप्टेंबरपर्यंत बेकारभत्त्याची रांग.
त्या रांगेतून परतताना, जुलैच्या शेवटी,
काचेवर नवा फोटो दिसला, अजून सगळे रंग असलेला.
खाली छापलं होतं: आरेती.
मी फोन केला. साहेब म्हणाले, पालकांना बरं वाटतं असं नाव.

काचेसमोर एक बाई मोबाईल धरून उभी,
हाताला ब्लीचचा वास.
चित्र येईना, ऊन आणि तिचंच तोंड मधे येत होतं.
मी शेजारी जाऊन रांगेतल्या कागदांची फाईल आडवी धरली.
तिनं काढला. मोठा करून बघितला.
नाव चुकलंय, म्हणाली.
हो, म्हटलं. चुकलंय.